ओबीपी: बॅटर किती वेळा आउट झाला नाही, हे मोजायचं कसं?

चौथाचेंडू

बेसबॉलमधले २००४ सालचे दोन बॅटर घ्या. सिॲटल मरिनर्सचा इचिरो सुझुकी आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा बॅरी बॉन्ड्स.

इचिरोने त्या हंगामात २६२ हिट्स (फटका मारून बेस गाठणं) मारल्या आणि जॉर्ज सिसलरचा १९२० पासून टिकलेला २५७ हिट्सचा विक्रम मोडला. बॉन्ड्सच्या हिट्स १३५, म्हणजे जेमतेम निम्म्या. बॅटिंग ॲव्हरेज इचिरोचं .३७२, बॉन्ड्सचं .३६२. इथवर पाहिलं तर वर्ष इचिरोचं वाटतं.

आता एवढंच विचारा की बेसवर जास्त वेळा कोण पोचलं? इचिरो ३१५ वेळा, बॉन्ड्स ३७६ वेळा. त्यातही इचिरो प्लेटवर, म्हणजे बॅटिंगला, आला ७६२ वेळा आणि बॉन्ड्स फक्त ६१७ वेळा.

ऑन बेस परसेंटेज, बोलताना ओबीपी, हा आकडा नेमकं हेच सांगतो. सूत्र असं आहे:

वर: हिट्स + वॉक + हिट बाय पिच
खाली: ॲट बॅट + वॉक + हिट बाय पिच + सॅक्रिफाइस फ्लाय

वरच्या बेरजेला खालच्या बेरजेने भागायचं आणि तीन दशांश स्थळांपर्यंत लिहायचं. नावात परसेंटेज असलं तरी शंभराने गुणत नाहीत. ॲट बॅट म्हणजे वॉकसारखे काही प्रसंग वगळून बॅटर प्लेटवर किती वेळा आला तो आकडा; हिट्सना त्याने भागलं की बॅटिंग ॲव्हरेज. वॉक म्हणजे पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) चार बॉल बाहेर टाकल्यामुळे मिळालेला पहिला बेस. हिट बाय पिच म्हणजे चेंडू अंगावर लागून मिळालेला पहिला बेस. सॅक्रिफाइस फ्लाय म्हणजे बॅटर झेलबाद होतो, पण बेसवरचा रनर धाव पूर्ण करतो.

बॉन्ड्स: १३५ + २३२ + ९ = ३७६. खाली ३७३ + २३२ + ९ + ३ = ६१७. उत्तर .६०९.
इचिरो: २६२ + ४९ + ४ = ३१५. खाली ७०४ + ४९ + ४ + ३ = ७६०. उत्तर .४१४. (७६२ मधले उरलेले दोन सॅक्रिफाइस बंट, ते सूत्रात धरत नाहीत.)

.४१४ सुद्धा उत्तमच आहे. अलीकडच्या हंगामांत मेजर लीगची (अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगची) सरासरी .३१० ते .३२० च्या आसपास असते. .६०९ मात्र एका हंगामातला सर्वोच्च आकडा आहे. दहा वेळा आला तर सहा वेळा त्याला आउट करता आलं नाही.

मला हा आकडा जवळचा वाटतो याचं कारण बेसबॉलच्या रचनेत आहे. सामना घड्याळावर संपत नाही. नऊ इनिंग्जमध्ये संघाकडे २७ आउट असतात, ते खर्च झाले की फलंदाजी संपली. ओबीपी सांगतो की बॅटर ही पुंजी किती जपून वापरतो.

निळीशाई

छान धागा. एक मूलभूत शंका. ॲट बॅटमध्ये वॉक का धरत नाहीत? बॅटर प्लेटवर आलाच की. आधी वगळायचं आणि मग सूत्रात परत मिळवायचं, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

चौथाचेंडू

@निळीशाई, याचं उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे. बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) आणि बॅटिंग ॲव्हरेज रुजवण्यात हेन्री चॅडविक यांचा मोठा वाटा. ते मूळचे इंग्लंडमधल्या एक्झिटरचे, न्यूयॉर्कमध्ये आधी क्रिकेटचं वार्तांकन करायचे. वॉक ही पिचरची चूक, त्यात बॅटरचं कर्तृत्व नाही, अशी त्यांची धारणा होती. वाइडची धाव फलंदाजाच्या खात्यात जात नाही, त्याच जातीचा विचार.

१८८७ मध्ये एका हंगामापुरता वॉकला हिटचा दर्जा दिला गेला. टिप ओ'नीलचं त्या वर्षीचं ॲव्हरेज तेव्हाच्या हिशोबाने .४९२ होतं, वॉक काढून टाकले की .४३५ उरतं. प्रयोग लगेच मागे घेतला गेला आणि वॉक पुन्हा हिशोबाबाहेर गेला. पुढे बराच काळ तो तिथेच राहिला.

म्हणून ॲट बॅट हा आकडाच मुळात गाळलेला आहे. वॉक, हिट बाय पिच, सॅक्रिफाइस फ्लाय, सॅक्रिफाइस बंट (रनरला पुढे नेण्यासाठी चेंडू हलकेच अडवून आउट होणं) आणि कॅचरचा, म्हणजे बॅटरच्या मागे चेंडू पकडणाऱ्याचा, अडथळा असे प्रसंग वजा करून तो उरतो. ओबीपीचं सूत्र त्यातले पहिले तीन परत आत घेतं.

खडूफळा

सूत्र पाठ असून उपयोग नाही, प्रत्येक प्रसंग कुठल्या खणात टाकायचा हे कळलं पाहिजे. सगळ्यांनी हे सोडवून पाहा. एक बॅटर नऊ वेळा प्लेटवर आला:

सिंगल (एका बेसची हिट). स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट). वॉक. क्षेत्ररक्षकाच्या एररमुळे पहिल्या बेसवर. सॅक्रिफाइस फ्लाय. हिट बाय पिच. सॅक्रिफाइस बंट. फील्डर्स चॉइसवर पहिल्या बेसवर, पुढचा रनर आउट. डबल (दोन बेसची हिट).

ॲव्हरेज किती आणि ओबीपी किती?

मितभाषी

नऊपैकी सहा वेळा बेसवर. .६६७.

खडूफळा

@मितभाषी, पाय सहा वेळा बेसवर लागले हे खरं, पण ओबीपी त्यातले चारच मोजतो.

हिट्स दोन, सिंगल आणि डबल. वॉक एक, हिट बाय पिच एक. वरची बेरीज ४. ॲट बॅट पाच: सिंगल, स्ट्राइकआउट, एरर, फील्डर्स चॉइस, डबल. त्यात वॉक १, हिट बाय पिच १ आणि सॅक्रिफाइस फ्लाय १ मिळवले की खाली ८. ओबीपी .५००. ॲव्हरेज दोन भागिले पाच, .४००.

एररवर पोचलेला बॅटर हिशोबात आउटच धरला जातो, कारण क्षेत्ररक्षकाने नीट काम केलं असतं तर तो आउट झाला असता. फील्डर्स चॉइसमध्ये तो वाचला, पण त्याच्या फटक्यावर दुसरा गेला, म्हणजे संघाचा एक आउट खर्च झालाच. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला आणि बॅटर धावत पहिल्या बेसवर पोचला तरी तो स्ट्राइकआउटच. सॅक्रिफाइस बंट आणि कॅचरचा अडथळा हे दोन प्रसंग वरही नाहीत, खालीही नाहीत. जणू तो बॅटर आलाच नव्हता.

निळीशाई

सॅक्रिफाइस फ्लाय खाली धरतात आणि बंट नाही, हे पटलं नाही. दोन्हीत बॅटर स्वतः आउट होऊन रनरला पुढे नेतो.

खडूफळा

बंट हा ठरवून दिलेला आउट असतो. बहुतेक वेळा इशारा बाकावरून येतो, बॅटर बेसवर पोचण्यासाठी खेळतच नसतो. सॅक्रिफाइस फ्लायमध्ये बॅटर सहसा पूर्ण ताकदीने मारतो, चेंडू हवेत जातो, झेल घेतला जातो आणि तिसऱ्या बेसवरचा रनर धाव पूर्ण करतो. हिट मिळाली असती तर त्याने घेतलीच असती. म्हणून तो प्रयत्न मोजायचा आणि फसला असं नोंदवायचं. मला हा भेद योग्य वाटतो.

यातून एक गंमत निघते. ओबीपी ॲव्हरेजपेक्षा कमीसुद्धा असू शकतो. दहा ॲट बॅट, तीन हिट्स, एक सॅक्रिफाइस फ्लाय, वॉक एकही नाही. ॲव्हरेज .३००, ओबीपी तीन भागिले अकरा, .२७३. पूर्ण हंगामात असं क्वचितच होतं, पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एखाद्याच्या नावापुढे हे दिसलं तर छपाईची चूक समजू नका.

उभाडाव

माझं मत थोडं वेगळं आहे. वॉक आणि सिंगल यांना एकाच मापाने मोजणं मला खटकतं. दुसऱ्या बेसवर रनर आहे, पहिला बेस रिकामा आहे. सिंगल मारली तर तो रनर बऱ्याचदा घरी येतो. वॉक मिळाला तर तो जागचा हलतही नाही. ओबीपीला दोन्ही सारखेच, आणि होम रनही सारखाच. चार बेस घेणाऱ्याला आणि अंगावर चेंडू लागलेल्याला एकच गुण?

शिवाय बॉन्ड्सचे २३२ वॉक. त्यातले १२० इंटेन्शनल, म्हणजे पिचरने त्याला खेळूच दिलं नाही. त्यात बॅटरने काय केलं?

चौथाचेंडू

@उभाडाव, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. बेसवर किती दूर पोचला हे ओबीपी विचारतच नाही. त्यासाठी स्लगिंग परसेंटेज (हिट्सवर मिळालेले एकूण बेस भागिले ॲट बॅट) आहे, आणि दोन्हींची बेरीज करून ओपीएस काढतात. त्या बेरजेतही अडचण आहे: दोघांचे भाजक वेगळे, आणि धावांच्या दृष्टीने ओबीपीचा एक अंश स्लगिंगच्या एका अंशापेक्षा बराच मोलाचा. म्हणून आकडेतज्ज्ञ टॉम टँगो यांनी वोबा हे माप काढलं. त्यात वॉक, सिंगल, डबल, होम रन यांना धावांच्या प्रमाणात वेगवेगळं वजन मिळतं, आणि वॉकचं वजन सिंगलपेक्षा कमीच असतं. तुमचा आक्षेप तिथे मिटतो.

दुसरा मुद्दा आकड्यांत घालून पाहू. १२० इंटेन्शनल वॉक वरून आणि खालून दोन्हीकडून काढा. २५६ भागिले ४९७, .५१५. ज्या प्रसंगी समोरच्याने त्याच्याशी खेळायचं ठरवलं, त्यातही तो निम्म्याहून अधिक वेळा पोचला. (त्याच्याभोवतीचा उत्तेजकांचा वाद मोठा आहे, पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय.)

आणि उरलेले ११२ वॉक कुणी हातात आणून दिले नाहीत. काठावरचा चेंडू सोडायचा की मारायचा, हे अर्ध्या सेकंदाच्या आत ठरवावं लागतं. ही नजर सगळ्यांकडे नसते. चॅडविकना वॉकमध्ये फक्त पिचर दिसला. मला वाटतं, तिथे न फिरवलेली बॅटसुद्धा दिसायला हवी.

उभाडाव

.५१५ हा आकडा मी कधी काढून पाहिला नव्हता. बॉन्ड्सपुरता आक्षेप मागे घेतो. पण ओबीपी एकटा पुरेसा नाही, हे माझं म्हणणं कायम.

चौथाचेंडू

एकटा कुठलाच आकडा पुरेसा नाही. पण एकच निवडायला लावलात तर मी हाच निवडीन, आणि का ते २७ आउटच्या हिशोबाने सांगतो.

सोपं गृहीतक घेऊ: डबल प्ले (एका फटक्यावर दोघे आउट) नाही, बेस चोरताना कुणी आउट नाही, प्रत्येक सामन्यात पूर्ण २७ आउट. संघाचा ओबीपी .३०० असेल तर दर शंभर बॅटरांमागे ७० आउट. मग २७ आउट संपेपर्यंत किती बॅटर येतील? २७ भागिले ०.७०, सुमारे ३८.६. आता ओबीपी .३५० करा. २७ भागिले ०.६५, सुमारे ४१.५.

एका सामन्यात जवळपास तीन बॅटर जास्त. हंगाम १६२ सामन्यांचा, म्हणजे सुमारे ४८० जादा संधी. एखादा नियमित खेळाडू वर्षभरात जेवढ्या वेळा प्लेटवर येतो, जवळपास तेवढ्या. प्रत्येकाच्या ओबीपीत पन्नास अंशांची भर पडली तर संघाला एका अख्ख्या बॅटरची जागा वाढवून मिळते, आणि त्या संधीही रनर आधीच बेसवर असताना येतात. प्रत्यक्षात डबल प्लेमुळे आकडे थोडे खाली येतील, पण दिशा हीच.

निळीशाई

हा हिशोब आवडला. मग हे कुणाच्या लक्षात यायला इतका वेळ का लागला?

रात्रीचावाचक

लक्षात फार आधी आलं होतं, मान्य व्हायला वेळ लागला. ब्रँच रिकी यांनी १९४७ मध्ये ॲलन रॉथ या आकडेतज्ज्ञाला ब्रुकलिन डॉजर्समध्ये पूर्णवेळ नोकरीवर घेतलं. जॅकी रॉबिन्सनला मेजर लीगमध्ये आणणारे तेच रिकी, आणि वर्षही तेच. रॉथनी बेसवर पोचण्याचं प्रमाण मोजायला सुरुवात केली. १९५४ मध्ये रिकींनी लाइफ मासिकात लेख लिहून ॲव्हरेजपेक्षा हे माप का चांगलं ते सांगितलं. मेजर लीगने ओबीपीला अधिकृत आकडा मानलं ते १९८४ मध्ये. मध्ये तीस वर्षं गेली.

या काळात खेळाडूंचं नुकसान झालं असं मला मनापासून वाटतं. १९४१ घ्या. टेड विल्यम्सचं ॲव्हरेज .४०६: १८५ हिट्स, ४५६ ॲट बॅट. त्यात १४७ वॉक आणि ३ हिट बाय पिच मिळवा, ३३५ भागिले ६०६, ओबीपी .५५३. त्याच वर्षी जो डिमॅजिओने सलग ५६ सामन्यांत हिट मारली. त्याचं ॲव्हरेज .३५७, ओबीपी .४४०. एमव्हीपी (सर्वांत मौल्यवान खेळाडू) किताब डिमॅजिओला मिळाला. त्याच्या संघाने, यँकीजनी, लीग जिंकली होती, त्या ५६ सामन्यांनी देश भारून गेला होता, हे सगळं खरं. पण .५५३ आणि .४४० यांतलं अंतर तेव्हा कुणी वर्तमानपत्रात छापतही नव्हतं.

जाता जाता: १९४१ मध्ये सॅक्रिफाइस फ्लायचा नियम लागू नव्हता. असा आउट सरळ ॲट बॅटमध्ये जायचा, म्हणजे .४०६ हा आकडा आजच्यापेक्षा कडक नियमाखालचा आहे. सॅक्रिफाइस फ्लायची वेगळी नोंद १९५४ पासून. विल्यम्सचा कारकिर्दीतला ओबीपी .४८२, आजही सर्वांत वर. त्याच्याखाली बेब रूथ, .४७४.

मितभाषी

रिकी हेंडरसन पण. ॲव्हरेज .२७९, ओबीपी .४०१. २१९० वॉक. धावा २२९५, विक्रम.

रात्रीचावाचक

+१. ॲव्हरेज पाहिलं तर चांगला बॅटर, ओबीपी पाहिला की बॅटिंगच्या क्रमात पहिला पाठवायला आदर्श बॅटर. आणि एकदा पहिल्या बेसवर पोचला की दुसरा बेस त्याचाच.

उभाडाव

ओकलंडचा उल्लेख अजून कसा नाही आला?

चौथाचेंडू

येणारच होता. २००२ मध्ये ओकलंड ॲथलेटिक्सने १०३ सामने जिंकले. यँकीजनीही १०३. ओकलंडचं वेतन सुमारे ४ कोटी डॉलर, यँकीजचं १२ कोटींच्या वर. ओकलंडचे जनरल मॅनेजर बिली बीन यांनी हेरलं की बाजारात ॲव्हरेजला आणि ताकदीला जास्त पैसे पडतात, बेसवर पोचण्याला कमी. कोपराच्या दुखापतीमुळे कॅचर म्हणून कुणाला नको असलेला स्कॉट हॅटबर्ग त्यांनी पहिल्या बेसवर उभा केला. त्या वर्षी त्याचं ॲव्हरेज .२८०, ओबीपी .३७४. सलग विसावा विजय त्याच्याच होम रनवर मिळाला.

मात्र सगळं श्रेय ओबीपीला देऊ नये. त्या संघात झिटो, हडसन आणि मल्डर हे तीन भक्कम पिचर होते. झिटोला त्या वर्षी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला आणि शॉर्टस्टॉप मिगेल तेहादाला एमव्हीपी. ही नावं गाळून सांगितलेली ओकलंडची गोष्ट अर्धवट राहते. आणि आता तो बाजारही बदलला आहे. ओबीपीला योग्य किंमत सगळेच देतात, त्यामुळे तिथे स्वस्त काही उरलेलं नाही.

निळीशाई

एक हिशोबाची शंका. एका बॅटरचा एप्रिलचा ओबीपी .५०० आणि मेचा .३००. दोन्ही महिन्यांचा मिळून .४०० म्हणायचा का?

खडूफळा

नाही. गुणोत्तरांची सरासरी काढायची नाही, मूळ आकडे मिळवायचे. समजा एप्रिलमध्ये तो दुखापतीमुळे थोडाच खेळला, २० पैकी १० वेळा बेसवर. मेमध्ये ८० पैकी २४. एकूण १०० पैकी ३४, ओबीपी .३४०. संघाचा ओबीपी काढतानाही हेच: सगळ्या खेळाडूंच्या वरच्या बेरजा एकत्र, खालच्या एकत्र, मग एकदाच भागाकार.

थोड्या प्रसंगांवरचा आकडा किती फसवा असतो, त्याचं टोक म्हणजे एडी गेडेल. १९ ऑगस्ट १९५१ रोजी सेंट लुइस ब्राउन्सचे मालक बिल वीक यांनी ३ फूट ७ इंच उंचीच्या गेडेलला बॅटिंगला पाठवलं. एवढ्याशा स्ट्राइक झोनमध्ये (बॅटरच्या उंचीवर ठरणाऱ्या टप्प्यात) पिचरला चेंडू टाकता आला नाही, चार बॉलवर वॉक मिळाला आणि लगेच त्याच्या जागी धावायला दुसरा आला. तो पुन्हा कधी खेळला नाही. कारकिर्दीचा ओबीपी १.०००. ॲव्हरेज काढताच येत नाही, कारण ॲट बॅट शून्य.

मितभाषी

मग ओबीपीच्या यादीत यायला किमान किती वेळा प्लेटवर यावं लागतं?

रात्रीचावाचक

संघाच्या दर सामन्यामागे ३.१ वेळा. १६२ गुणिले ३.१, म्हणजे ५०२. बॅटिंग ॲव्हरेजच्या किताबालाही हीच अट.

आधी ॲव्हरेजसाठी किमान ४०० ॲट बॅटची अट होती, आणि १९५४ मध्ये तिचा फटका पुन्हा विल्यम्सलाच बसला. त्याचं ॲव्हरेज .३४५ होतं, पण किताब मिळाला क्लीव्हलंडच्या बॉबी अविलाला, .३४१ वर. विल्यम्स त्या वर्षी ५२६ वेळा प्लेटवर आला होता. त्यातले १३६ वॉक ॲट बॅटमध्ये धरले जात नाहीत, म्हणून त्याचे ॲट बॅट ३८६ च भरले. त्याचा ओबीपी होता .५१३. १९५७ पासून अट ॲट बॅटऐवजी प्लेट अपिअरन्सवर आली.